कंपनीच्या रिसर्च लॅबला पाठवायचं एक पान

दिवाळी संपली की माझ्या इनबॉक्समध्ये एकाच साच्यातले मेल यायला लागतात. 'रिस्पेक्टेड मॅडम, आय अ‍ॅम अ हार्डवर्किंग स्टुडंट', खाली सीव्ही, सीव्हीत ऑनलाइन कोर्सच्या सर्टिफिकेटांची रांग आणि शेवटी 'आवड: क्रिकेट, वाचन, एआय'. मी बेंगळुरूत एका कंपनीच्या रिसर्च लॅबमध्ये बोलण्याच्या आवाजावर काम करते. उन्हाळी इंटर्नसाठी येणारे अर्ज वाचायचं काम ज्यांच्या गळ्यात पडतं, त्यांतली मी एक. मूळची इचलकरंजीची, वडिलांचे माग होते, शिक्षण सांगलीला. त्यामुळे कोल्हापूर, सांगली, सोलापूरकडचा मेल दिसला की मी तो जरा जास्त वेळ वाचते. पण जास्त वेळ वाचूनही हाताला काही लागलं नाही, तर पुढे कुणाला काय सांगणार?

तर सीव्ही नंतर. आधी एक पान पाठवा. त्या पानावर एवढंच असावं: तुमच्या लॅबचा अमुक पेपर (शोधनिबंध) वाचला, त्यातला एवढासा तुकडा घरी करून पाहिला, आणि या ठिकाणी माझं जुळलं नाही. असं पान फार क्वचित येतं. आलं की ते आमच्यात एकमेकांना पाठवलं जातं आणि दुपारी जेवताना त्यावर वाद होतो. तोवर सीव्ही कुणी उघडलेलाही नसतो. ते पान कसं तयार करायचं, ते पुढे सांगते.

आधी ही जागा काय असते

कंपनीची रिसर्च लॅब म्हणजे प्रॉडक्टची टीम नव्हे. पुढच्या तिमाहीत काय विकायचं हा प्रश्न तिथे नसतो. सात-दहा वर्षांनी संगणक कशाचा बनलेला असेल, कोण वापरेल, कुठल्या भाषेत वापरेल, असले प्रश्न असतात. आणि ते एका विषयाच्या माणसांना सुटत नाहीत, म्हणून आमच्या मजल्यावर भाषाशास्त्र, अर्थशास्त्र, भौतिकशास्त्र आणि डिझाइनची माणसं एकाच कॉफी मशीनपाशी भांडतात.

आपल्या जवळचं उदाहरण पुण्यातलं. टाटांनी १९८१ मध्ये टीआरडीडीसी (टाटा रिसर्च डेव्हलपमेंट अँड डिझाइन सेंटर) हे केंद्र काढलं, टीसीएसच्या संशोधनाचं ते घर. पहिले संचालक ई. सी. सुब्बाराव सिरॅमिक्सचे, आयआयटी कानपूरहून आलेले. सॉफ्टवेअर कंपनीच्या केंद्रावर असा माणूस कशाला, असं वाटेल. पण तिथे एकीकडे प्रोग्राम लिहिणारे प्रोग्राम तयार होत होते, तर दुसरीकडे भाताच्या तुसाची राख वापरून पाणी गाळायचे प्रयोग चालू होते. २००९ मध्ये बाजारात आलेल्या 'टाटा स्वच्छ' फिल्टरचं मूळ त्या राखेत आहे.

बाकी नावं तुम्हाला माहीत असतीलच. आयबीएमची भारतातली लॅब १९९८ ची, दिल्लीत सुरू झालेली. मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडिया २००५ पासून बेंगळुरूत आहे. गूगलने इथली एआय लॅब २०१९ मध्ये जाहीर केली. उन्हाळी इंटर्नशिपखेरीज काही ठिकाणी पदवीनंतर एक-दोन वर्षांच्या जागाही असतात, कुठे 'रिसर्च फेलो' म्हणतात, कुठे 'प्री-डॉक्टोरल रिसर्चर'. पीएचडी करायची की नाही हे ठरत नसेल तर या जागा सोन्यासारख्या. अटी आणि तारखा दरवर्षी बदलतात. त्या कंपनीच्या करिअरच्या पानावरच बघा, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या यादीवर विसंबू नका.

पेपर निवडताना

सगळ्यात गाजलेला पेपर घेऊ नका. तो सगळ्यांनी घेतलेला असतो. लॅबच्या वेबसाइटवर माणसांची यादी असते. तिथून तीन-चार माणसं निवडा आणि प्रत्येकाचे गेल्या तीनेक वर्षांतले पेपर काढा. भाषेशी संबंधित पेपर एसीएल अँथॉलॉजीवर फुकट मिळतात, बाकीचे बहुतेक अर्काइव्ह (arXiv) या खुल्या साइटवर. सारांश वाचताना एकच पाहा: यातला एखादा तुकडा मला माझ्या गावात, माझ्या लॅपटॉपवर, परवानगी आणि पैशाची अडचण न येता करून बघता येईल का? जो पेपर शंभर जीपीयूंशिवाय (एआय चालवायच्या महागड्या चिपांशिवाय) हलत नाही, तो तुमच्यासाठी नाही. माझ्यासाठीही नाही.

मी इथे उदाहरणाला एक पेपर घेते, कारण तो मराठीवरचा आहे. मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियात 'कार्या' नावाचा प्रकल्प चालायचा, पुढे त्याची वेगळी संस्था झाली. कमी उत्पन्न असलेल्या लोकांना मोबाइलवर भाषेची कामं देऊन योग्य मोबदला द्यायचा, ही त्यामागची कल्पना. २०२० मध्ये भाषेच्या साधनांवरच्या एलआरईसी परिषदेत त्यांचा एक पेपर आला. ग्रामीण भागातले लोक, शहरातले कमी उत्पन्नाचे लोक आणि विद्यापीठातले विद्यार्थी अशा तीन गटांकडून त्यांनी मराठी वाक्यं वाचून घेतली. ३६ माणसं, १०९ तासांचं रेकॉर्डिंग. निष्कर्ष असा की पहिल्या दोन गटांचं काम दर्जाच्या बाबतीत विद्यार्थ्यांच्या तोडीचं होतं.

हा पेपर वाचताना पहिल्यांदा सारांश, मग सगळे तक्ते, मग शेवटचा मर्यादांचा भाग, आणि त्यानंतर पहिल्या ओळीपासून. वहीत दोनच रकाने करा. डावीकडे 'यांनी काय मोजलं', उजवीकडे 'यांनी काय मोजलं नाही'. उजवा रकाना भरायला लागला की तुमचं पान सुरू झालं. या पेपरबाबत माझ्या उजव्या रकान्यात पहिली ओळ आली ती अशी: वाचून दाखवलेलं मराठी आणि बोललेलं मराठी यांत फरक किती? छापलेलं वाक्य समोर असलं की माणूस शाळेतल्यासारखा वाचतो. माझी आजी वर्तमानपत्र वाचायची ते मराठी वेगळं, आणि दारात कुणाला ओरडायची ते वेगळं.

घरी करून पाहायचा तुकडा

आता इचलकरंजीच्या पोराने काय करावं ते सांगते. बार्शीच्या पोरीने तिथलं शोधावं.

प्रश्न ठरवू: यंत्रमागाच्या खोलीत बोललेलं मराठी संगणकाला कितपत कळतं? मागाच्या शेडमध्ये आवाज सहज नव्वद डेसिबलच्या वर जातो. तिथला कामगार फोनवर बोलून काही नोंदवणार असेल, किती मीटर कापड निघालं, कुठला माग बंद आहे, तर हा प्रश्न खरा आहे. उगीच शोधून काढलेला नाही.

साहित्य फुकट मिळतं. ओपनएआयने सप्टेंबर २०२२ मध्ये व्हिस्पर नावाचं बोलणं ओळखणारं मॉडेल खुलं केलं. ते सहा लाख ऐंशी हजार तासांच्या आवाजावर शिकवलेलं आहे, त्यात मराठीचा वाटा नगण्य. त्याचं 'स्मॉल' रूप गूगल कोलॅब या ब्राउझरमध्येच कोड चालवायच्या सेवेच्या फुकट जीपीयूवर आरामात चालतं. आयआयटी मद्रासच्या एआयफॉरभारत गटाची भारतीय भाषांसाठीची मॉडेलही खुली आहेत, दोन्ही शेजारी ठेवून बघा. मराठी वाक्यांची रेकॉर्डिंग मोझिलाच्या कॉमन व्हॉइस या खुल्या आवाज-संग्रहात आहेत, ओपनएसएलआर या तसल्याच साइटवर चौसष्ट नंबरचा संच मराठीचा आहे. शेकडो वाक्यं नकोत, पन्नास-साठ पुरेत, पण प्रत्येक कानाने ऐकलेलं हवं.

मग फोन घेऊन शेडमध्ये जा. कुणी बोलत नसताना नुसता मागांचा आवाज काही मिनिटं रेकॉर्ड करा: दारात, मधोमध, आणि मुकादम बसतो तिथे. हा गोंगाट वाक्यांत मिसळायचा. आवाज आणि गोंगाट यांच्या शक्तीचं गुणोत्तर डेसिबलमध्ये मोजतात. वीस, दहा, पाच आणि शून्य असे चार टप्पे करा. शून्यावर दोघं बरोबरीत येतात. हे मिसळणं पायथॉनच्या दहा-बारा ओळींचं काम आहे, ते तुम्हाला जमेल.

यात अडचण कुठे येते ते सांगते, कारण ती मराठीचीच आहे आणि इंग्रजी ट्युटोरियलमध्ये ती सापडणार नाही. बोलणं ओळखणाऱ्या मॉडेलचा दर्जा मोजायची नेहमीची रीत म्हणजे चुकलेल्या शब्दांचं प्रमाण. बदललेले, गाळलेले आणि उगाच घुसवलेले शब्द मोजायचे आणि मूळ वाक्यातल्या शब्दांच्या संख्येने भागायचं. मोजण्याआधी दोन्ही वाक्यं सारखी करून घेतात, म्हणजे स्वल्पविराम वगैरे काढून टाकतात. व्हिस्परसोबत येणारं हे साफसफाईचं साधन विरामचिन्हांबरोबर आपल्या मात्राही काढतं आणि त्यांच्या जागी मोकळी जागा सोडतं. 'बाजाराला' याचं 'ब ज र ल' होतं. एका शब्दाचे चार शब्द, काना-मात्रा गायब, आणि मग आलेला आकडा कुठल्याही अर्थाचा राहत नाही. अनेकदा तो आहे त्यापेक्षा बरा दिसतो, त्यामुळे शंकाही येत नाही. ते साधन मराठीला वापरू नका. विरामचिन्हं तुमची तुम्ही काढा.

दुसरी भानगड 'ऱ्य'ची. 'दऱ्या', 'शेतकऱ्याला' यांतला तो अर्धा र युनिकोडमध्ये दोन-तीन तऱ्हांनी लिहिता येतो. पडद्यावर दिसायला एकच, संगणकाला मात्र वेगळे. मूळ वाक्यात एक तऱ्हा आणि मॉडेलच्या उत्तरात दुसरी असली की बरोबर ओळखलेला शब्द चूक म्हणून मोजला जातो. मोजण्याआधी सगळं एका तऱ्हेवर आणा.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात आवडते. शेडमधल्या माणसाने म्हटलं, 'उद्या सकाळी बाजाराला जायाचं हाय.' मॉडेलने लिहिलं, 'उद्या सकाळी बाजाराला जायचं आहे.' पाच शब्दांत दोन बदलले. चुकीचं प्रमाण ४० टक्के! इंजिनिअर म्हणणार, मॉडेल वाईट. भाषाशास्त्रवाली म्हणणार, मॉडेलला वाक्य पूर्ण कळलंय, त्याने फक्त पुणेरी करून दिलं. डिझाइनवाला विचारणार, पण त्या माणसाला पडद्यावर काय बघायचंय, स्वतःचं बोलणं की पुस्तकी? आणि अर्थशास्त्रवाली विचारणार, हेच वाक्य लिहून द्यायचे पैसे कुणाला मिळत असतील तर 'हाय' लिहिल्याबद्दल त्याची मजुरी कापली जाते का? लॅबमधला एखादा मंगळवार असाच जातो. तुमच्या पानात हा प्रश्न असेल, निदान त्यातल्या दोन बाजू असतील, तर वाचणाऱ्याला कळतं की या पोराला शेजारच्या विषयाचं भान आहे. 'आय अ‍ॅम इंटरेस्टेड इन इंटरडिसिप्लिनरी रिसर्च' हे वाक्य मग लिहायला नको.

आता न जुळण्याची जागा. तुम्ही शांत खोलीतल्या वाक्यात गोंगाट मिसळलात. पण खरा माणूस मागाच्या आवाजात शांत खोलीसारखा बोलत नाही. तो ओरडतो, स्वर ताणतो, सूर वर नेतो. एतियेन लोंबार्द या फ्रेंच डॉक्टराने हे विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच नोंदवलं, म्हणून त्याला लोंबार्द परिणाम म्हणतात. आमच्या घरी त्याला नाव नव्हतं. वडील रविवारी, माग बंद असतानाही, जेवायच्या ताटावर ओरडूनच बोलायचे. तर मिसळलेल्या गोंगाटावर आलेला आकडा आणि शेडमध्ये खरंच बोललेल्या वाक्यांवर आलेला आकडा वेगळे येतील. दोन-तीन कामगारांकडून तीच वाक्यं शेडमध्ये बोलून घ्या आणि दोन्ही आकडे शेजारी मांडा. शिवाय कुणी बोलत नसतानाचं नुसतं मागांचं रेकॉर्डिंगही मॉडेलला द्या. व्हिस्पर अशा वेळी काही काही वाक्यं स्वतःच्या मनाने लिहून मोकळं होतं. ती जशीच्या तशी उतरवून ठेवा.

कामगारांचा आवाज घेताना मालकाची परवानगी म्हणजे कामगाराची परवानगी नव्हे. प्रत्येकाला मराठीत सांगा की हे कशासाठी आहे, कुठे ठेवणार, नको असेल तर नंतर पुसून टाकेन. हो म्हणाला तर ते 'हो' रेकॉर्ड करा. वेळेचे पैसे द्या, निदान तासाच्या मजुरीइतके. चहावर भागवू नका. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातही मुद्दा संमतीचाच आहे, पण कायदा नसता तरी हे करायलाच हवं होतं. आणि माणसांचे आवाज गिटहबवर, म्हणजे कोड सगळ्यांसाठी ठेवायच्या साइटवर, टाकू नका. कोड टाका.

पान लिहिताना

एक पान म्हणजे एकच. इंग्रजीत लिहावं लागेल, त्याला इलाज नाही, पण साधं लिहा. सुरुवातीला पेपरचं नाव आणि तुमचा प्रश्न, दोन वाक्यांत. मग काय केलं: किती वाक्यं, कुठलं मॉडेल, कसं मोजलं, मात्रांचं काय केलं. मग एकच आलेख. चार टप्प्यांवर चुकीचं प्रमाण, दोन रेषा, मिसळलेली आणि खरी. त्याखाली न जुळलेली गोष्ट आणि ती का जुळली नसेल याचे तुमचे दोन अंदाज. शेवटी, तीन महिने मिळाले तर कुठला अंदाज आधी तपासाल आणि कसा. तुमचं नाव, कॉलेज, वर्ष सगळ्यात खाली, बारीक अक्षरात चालेल.

'रिव्होल्यूशनाइज' हा शब्द काढा. 'नॉव्हेल'ही काढा. तुमचा आकडा पन्नास वाक्यांवरचा असेल तर 'पन्नास वाक्यांवर' असंच म्हणा, त्यावरून मराठीबद्दल फतवा काढू नका. लहान संख्या लाजिरवाणी नसते, ती लपवलेली असली तर मात्र पाच मिनिटांत लक्षात येते. चॅटबॉटकडून इंग्रजी सुधारून घ्यायला हरकत नाही. पण तो तुमचं वाक्य गुळगुळीत करतो आणि त्या नादात 'शेडच्या दारात' याचं 'इंडस्ट्रियल एन्व्हायर्नमेंट' करून टाकतो. दार परत आणा.

मेल लॅबच्या प्रमुखाला पाठवू नका. पेपरच्या लेखकांच्या यादीत पहिलं नाव असतं त्याला पाठवा, बहुतेक वेळा प्रत्यक्ष काम त्याच माणसाने केलेलं असतं आणि आपलं काम कुणीतरी खरंच वाचलं याचा त्याला आनंद होतो. विषयाच्या ओळीत 'इंटर्नशिप' नको, प्रश्नच लिहा. मजकूर पाच-सहा ओळी, पान पीडीएफमध्ये जोडलेलं, कोडची लिंक. उत्तर आलं नाही तर दोन आठवड्यांनी एकदा आठवण करा, आणि त्या आठवणीत काहीतरी नवं असू द्या, एखादा जादा आकडा. त्यानंतर गप्प बसा आणि दुसऱ्या माणसाचा दुसरा पेपर काढा. करिअरच्या पानावरचा रीतसर अर्जही भराच, कारण एचआरच्या यंत्रणेत नाव नसेल तर आम्हाला इच्छा असूनही काही करता येत नाही.

कोडिंग येत नाही, मग?

झेरॉक्सने १९७० मध्ये कॅलिफोर्नियात पार्क ही लॅब काढली. आल्टो संगणक, लेझर प्रिंटर, इथरनेट हे तिथलं, ते सगळे सांगतात. लूसी सचमन तिथे मानववंशशास्त्रज्ञ होत्या, ते कमी सांगतात. कंपनीचं नवं कॉपी मशीन 'सोपं' म्हणून विकलं जात होतं, तेव्हा त्यांनी माणसं ते वापरताना कुठे अडतात याचं चित्रण केलं. अडणाऱ्यांत नामांकित संगणकशास्त्रज्ञही होते. मशीन कसं बनवावं या विचारावर त्या चित्रणाचा परिणाम आजही आहे.

म्हणून समाजकार्य, अर्थशास्त्र, भाषाशास्त्र, मराठी विषय घेतलेल्यांनीही पान पाठवावं. तुमचा तुकडा वेगळा असेल. तालुक्याच्या बाजार समितीत चार व्यापारी आणि चार शेतकरी भाव कसा विचारतात, फोनवर काय बोलतात, काय टाइप करतात, काय कधीच टाइप करत नाहीत, एवढं दोन सकाळी बसून नोंदवा. निरीक्षण आणि अनुमान वेगळ्या परिच्छेदांत लिहा. मराठी, त्यातही मालवणी, अहिराणी, वऱ्हाडी कानाला सरावलेली असणं हे लॅबमध्ये कौशल्य म्हणून मोजलं जातं, ते सीव्हीच्या तळाला 'लँग्वेजेस नोन' मध्ये पुरू नका. मुलाखतीचं इंग्रजी भाषांतर हाती आलेल्या माणसाच्या आणि मूळ मराठी ऐकलेल्या माणसाच्या नोंदींत किती फरक असतो, ते मी रोज बघते.

भौतिकशास्त्रवाल्यांसाठी थोडक्यात. आयबीएमने मे २०१६ मध्ये पाच क्युबिटचं (क्युबिट म्हणजे क्वांटम संगणकाचा बिट) क्वांटम यंत्र इंटरनेटवरून वापरायला खुलं केलं, आणि त्यांच्या यंत्रांवर आजही नोंदणी करून थोडा वेळ फुकट मिळतो. किसकिट हे त्यांचं पायथॉनमधलं साधन वापरून दोन क्युबिटची बेल अवस्था, म्हणजे दोन्ही एकमेकांत गुंतलेली अवस्था, तयार करा. गणिताप्रमाणे मोजणीत फक्त ०० आणि ११ यायला हवेत, निम्मे-निम्मे. खऱ्या यंत्रावर थोडे ०१ आणि १० येतात. ही चूक अवस्था घडवताना झाली की वाचताना? नुसतं ०० आणि नुसतं ११ तयार करून वाचा, म्हणजे वाचनातली चूक वेगळी काढता येईल. उरलेलं कुठून आलं यावर तुमचं पान. क्वांटम क्रांतीवरचा निबंध मात्र नको, ते आमच्याकडे ढिगाने येतात.

या क्षेत्रातला निकाल बाहेरून हास्यास्पद दिसू शकतो, त्याचीही सवय करा. मायक्रोसॉफ्ट आणि वॉशिंग्टन विद्यापीठाच्या लोकांनी २०१९ मध्ये डीएनएत माहिती आपोआप लिहून परत वाचणारं यंत्र दाखवलं. त्याने 'हॅलो' हा शब्द साठवून परत दिला. पाच बाइट, २१ तास. यात रसायनशास्त्र, जीवशास्त्र, नळ्या-पंप जोडणारे आणि माहिती संकेतांत बसवणारे सगळे लागले. कुणाच्याही काकांना हे लग्नात सांगून बघा.

मुलाखत आणि त्यानंतर

मुलाखतीत थोडं कोडिंग असतं, ते करून घ्या, त्याबद्दल सांगणारे पुष्कळ आहेत. उरलेला वेळ तुमच्या पानावर जातो. हमखास येणारे प्रश्न: हाच आकडा का मोजला? तुमचा अंदाज चुकीचा आहे हे कुठल्या निकालावरून मान्य कराल? शेडऐवजी रिक्षा असती तर काय बदललं असतं? उत्तर येत नसेल तर 'माहीत नाही, पण असं शोधेन' म्हणा आणि कसं ते खरंच सांगा. समोरचा तुम्हाला पाडायला बसलेला नसतो. पुढचे तीन महिने या माणसाबरोबर बसून काम होईल का, एवढंच तो बघत असतो. शेवटी 'तुम्हाला काही विचारायचंय?' म्हणतात, तेव्हा 'नो मॅम' म्हणू नका. विचारा की या प्रकल्पात माझ्याआधी कोण होतं आणि ते काम कुठे थांबलं. स्टायपेंड किती आणि राहायची सोय आहे का, हे एचआरला सरळ विचारा. बेंगळुरूत घराचं डिपॉझिट बरंच मागतात. पहिल्या खेपेला पीजी बरी, आणि ऑफिसच्या चालत्या अंतरावर, कारण इथल्या ट्रॅफिकबद्दल बोलायला लागले तर हा लेख संपायचा नाही.

जॉइन होताना सह्यांचा गठ्ठा येतो, तो वाचा. इथे केलेलं काम कंपनीचं, असं त्यात असतं, ते सगळीकडेच असतं. पण बऱ्याच करारांत तुमच्या आधीच्या कामांची यादी जोडायची जागा असते आणि मुलं तिथे 'निल' लिहून देतात. तुमचा कोड, शेडमधली रेकॉर्डिंग, ते पान, सगळं तारखेसकट तिथे लिहा.

पेटंटचं एक. भारतीय पेटंट कायद्याच्या कलम ३(के) प्रमाणे नुसता संगणक प्रोग्राम किंवा अल्गोरिदम यावर पेटंट मिळत नाही, त्यामुळे वकील तुमच्या कल्पनेला यंत्राशी, सेन्सरशी, तांत्रिक परिणामाशी जोडून लिहायला सांगतील. त्यात वेळ जातो. आणि कल्पना जाहीर झाली की तिचं नवेपण संपतं, म्हणून आधी पेटंटचा अर्ज, मग पेपर, मग कॉलेजातलं भाषण. लिंक्डइनवरची फुशारकी त्याहून नंतर.

पेपरवर नाव कुणाचं आणि कितव्या नंबरला, हा विषय पहिल्या महिन्यातच मेंटरकडे काढा. आपल्याकडे हे विचारणं आगाऊपणाचं वाटतं. इथे ते रोजचं बोलणं आहे, आणि जुलैच्या शेवटी, सबमिशनच्या आदल्या रात्री विचारण्यापेक्षा मे महिन्यात चहा घेताना विचारलेलं दोघांनाही सोपं जातं.